काच फुटली तरी खाली पडू नये म्हणून

कॅनडातील टोरोंटो शहरात २०११ च्या उन्हाळ्यात नव्याकोऱ्या निवासी मनोऱ्यांच्या बाल्कन्यांची काच रस्त्यावर कोसळू लागली. एकामागून एक अशा घटना घडल्या, पदपथ बंद करावे लागले आणि अनेक रहिवाशांना स्वतःच्याच बाल्कनीत जाण्यास मनाई झाली. पुढच्याच वर्षी ओन्टारियो प्रांताने बांधकाम नियमांत बदल करून स्लॅबच्या कडेबाहेर बसविलेल्या कठड्यांसाठी लॅमिनेटेड काच सक्तीची केली. मुंबई-पुण्यातील काचेने मढलेल्या इमारतींखालून रोज हजारो माणसे ये-जा करतात, हे ध्यानात घेता या निर्णयामागचे कारण जाणून घेण्यासारखे आहे.

तेथे फुटलेली काच हलक्या प्रतीची होती असे नव्हे. ती बाजारात 'सुरक्षित' म्हणून विकली जाणारी टफन्ड काच होती. साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट असलेली ही काच फुटली की तिचे धारदार सुळे न होता बारीक खडे होतात. दुकानाच्या दारासाठी हा गुणच आहे. मात्र तिसाव्या मजल्यावरून हेच खडे गुच्छाने खाली आले, तर 'सुरक्षित' या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही. शिवाय काच बनताना तिच्यात निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहून गेला, तर तो हळूहळू प्रसरण पावतो आणि एखाद्या दिवशी कोणताही धक्का न लागता तावदान फुटते. काच भट्टीत पुन्हा तापवून अशी सदोष तावदाने आधीच फोडून वेगळी काढता येतात. पण या चाचणीतून एकही सुटणार नाही, अशी हमी नसते.

लॅमिनेटेड काचेची कल्पना जुनीच आहे. मोटारीच्या पुढच्या काचेत ती सर्वांनी पाहिलेली असते. दोन काचांमध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा घालून उष्णता व दाबाखाली त्या एकजीव केल्या जातात. काच फुटते, पण तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात. तथापि, येथेही मेख आहे. दोन्ही थर टफन्ड असतील आणि दोन्ही फुटले, तर सगळे तावदान ओल्या घोंगडीसारखे लोंबते आणि चौकटीतून अख्खेच निसटू शकते. म्हणूनच ओन्टारियोने नुसती लॅमिनेटेड नव्हे, तर कमी ताण दिलेल्या, मोठ्या तुकड्यांत फुटणाऱ्या 'हीट-स्ट्रेंदन्ड' काचेच्या थरांचा आग्रह धरला. चौकटीची पकडही तितकीच महत्त्वाची. आपल्याकडच्या पावसात उघड्या कडांतून ओल शिरली, तर थर सुटू लागतात. देखभालीच्या खर्चात काटकसर करणाऱ्या सोसायट्यांनी हे विसरू नये.

खरा पेच मात्र आगीचा आहे. बंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्ये २३ फेब्रुवारी २०१० रोजी धुराने कोंडलेल्या माणसांनी श्वासासाठी खिडक्यांच्या काचा फोडल्या. त्या दुर्घटनेत नऊ जणांचा बळी गेला. तिथे जाड लॅमिनेटेड काच असती, तर खुर्ची आपटून ती फुटली नसती. अग्निशमन दलालाही ती कापावी लागते आणि त्यात मोलाची मिनिटे जातात. पादचाऱ्याचे रक्षण करणारा गुण आत अडकलेल्याच्या जिवावर उठू शकतो, तो असा.

यावरचा उपाय काचेत नाही, आराखड्यात आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीने काचेच्या दर्शनी भिंतींत प्रत्येक मजल्यावर, दहा मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, किमान एक मीटर लांबी-रुंदीची उघडणारी तावदाने सांगितली आहेत. ती बाहेरच्या बाजूस उघडावीत आणि आतून त्यांवर तशी सूचना लिहिलेली असावी, असेही म्हटले आहे. अडचण पुढे येते. भाडेकरू कार्यालय सजवताना त्याच तावदानासमोर कपाट किंवा प्लायवूडची भिंत उभी केली, तर कागदावर सुरक्षित असलेला मजला प्रत्यक्षात बंद डबा होतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. पंप आणि नळांबरोबर ही तावदाने प्रत्येक मजल्यावर उघडून पाहिली जातात का, हे रहिवासी आणि भाडेकरूंनी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विचारायला हवे.