लामत्याला जावे का?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी मी एखाद्या वैद्यकीय विषयावर चार ओळी लिहीत आलो आहे. यंदाही तसाच विषय मनात होता. परंतु मध्यंतरी घरातच एक प्रश्न उपस्थित झाला, आणि त्याचे उत्तर शोधताना लक्षात आले की तो आपल्यापैकी अनेकांच्या घरी या ना त्या रूपाने उभा राहिलेला आहे. म्हणून विषयांतराबद्दल वाचकांची क्षमा मागून तोच येथे मांडतो.

माझी भाची बालरोगतज्ज्ञ आहे. तिचे यजमान भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना बालाघाट जिल्ह्यातील लामता येथील महाविद्यालयात नेमणूक मिळाली. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटा अजून वर्षाचाही नाही. नागपूरला भाड्याचे घर, भाचीची एका रुग्णालयात नोकरी, आणि आईवडील जवळच. "सगळ्यांनीच जावे, की त्यांनी एकट्याने राहून सुटीला येत जावे?" असे तिने विचारले. क्षणभर थांबून ती पुढे म्हणाली, "मामा, तुम्ही अशाच गावात सात वर्षे काढलीत. खरे सांगा, पुन्हा संधी मिळाली तर जाल का?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर देण्याचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

लामता हे बालाघाटच्या उत्तरेस, नैनपूरच्या वाटेवरचे गाव. बालाघाटहून अंतर सुमारे ३५ ते ४० किलोमीटर. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने सातपुड्यात अडीच फुटांचे रूळ टाकले, त्या छोट्या गाडीच्या मार्गावरील हे स्थानक. त्या गाडीने प्रवास केलेल्या आमच्या पिढीला तिचा वेग आणि तिचा धूर दोन्ही आठवतात. आता ती इतिहासजमा झाली असून गोंदिया-जबलपूर हा संपूर्ण मार्ग मोठ्या रुळांचा झाला आहे. भोवती भाताची शेते आणि सातपुड्याचे जंगल. याच जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले आहे. जिल्ह्यात हिंदी, पोवारी, गोंडी आणि मराठी एकाच बाजारात कानी पडतात. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. परंतु सोयरीक, बाजार आणि आजारपण या तिन्ही बाबतींत येथील माणसाची पावले आजही गोंदिया-नागपूरकडेच वळतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोद गावाबाहेर नेण्याची प्रथा दोन्ही राज्यांच्या सीमेवर सारखीच आहे. म्हणजे भाची परक्या मुलखात जाणार होती, असे म्हणता येणार नाही.

अशा प्रश्नावर आपल्या समाजात दोनच उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर आप्तेष्टांचे: "कशाला जाता? मुलांच्या शिक्षणाचे वाटोळे होईल." दुसरे उत्तर व्यासपीठावरचे: "जा! प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांकडे पाहा, अभय आणि राणी बंगांकडे पाहा." पहिल्या उत्तरात भय आहे आणि दुसऱ्यात आदर्श. दोन लहान मुलांच्या आईला या दोहोंपैकी कशानेच घर मांडता येत नाही.

तथापि, त्या आदर्शांकडे एकदा शांतपणे पाहावे, असे मला वाटते. हेमलकसा येथे १९७३ पासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हे दोघेही डॉक्टर रुग्णसेवेत होते. जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने मिळून काम उभारले. गडचिरोलीत राणी बंग यांनी स्त्रीरोगांचे क्षेत्र सांभाळले. मेळघाटात बैरागडला रवींद्र कोल्हे यांच्यासोबत स्मिता कोल्हे यांनीही रुग्ण पाहिले. महाडला विंचूदंशावरील प्राझोसीनच्या उपचाराने जगभर ज्यांचे नाव झाले, त्या हिंमतराव बावस्करांच्या संशोधनात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचाही हात आहे. आपण या सर्वांचा त्याग वाखाणतो, आणि तो योग्यच आहे. पण या पाचही घरांत समान असलेली एक साधी गोष्ट भाषणांतून निसटते. त्या गावात पती आणि पत्नी दोघांनाही स्वतःचे काम होते.

हे मला फार उशिरा समजले. १९८० च्या दशकात सातपुड्यातील एका गावी माझी नेमणूक झाली. गावाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. कामात मी बुडून गेलो. एका पावसाळ्यात मण्यार चावलेला नऊ वर्षांचा मुलगा पहाटे आला. जमिनीवर झोपला होता. दंशाची खूण सापडत नव्हती, पोट दुखत होते आणि पापण्या मिटू लागल्या होत्या. विषप्रतिबंधक लस दिली. पण श्वास मंदावत चालला. कृत्रिम श्वसनयंत्र नव्हते आणि नाल्याला पूर आल्यामुळे रस्ता बंद होता. नळी घालून मी, कंपाउंडर आणि शाळेचे दोन शिक्षक आळीपाळीने हाताने फुगा दाबत राहिलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा स्वतः श्वास घेऊ लागला. असे दोन-तीन प्रसंग वाट्याला आले की डॉक्टरला त्या गावाचे वेड लागते. मलाही लागले.

त्याच सात वर्षांत माझी पत्नी काय करीत होती? ती मराठीची पदव्युत्तर पदवीधर. नागपूरच्या एका शाळेत शिकवीत असे. नेमणुकीच्या गावी मराठी शाळा नव्हती. तिने नोकरी सोडली, आणि मी ती गोष्ट गृहीत धरली. दवाखान्यातून मी रात्री दहाला परतत असे आणि अकराला पुन्हा बोलावणे येत असे. मुलगी सहावीत जाण्याच्या सुमारास आम्ही नागपूरला परतलो. सामान ट्रकवर चढत असताना निरोपाला जमलेल्या माणसांपुढे माझे डोळे भरून आले. ती म्हणाली, "तुमचे गाव आज सुटते आहे. माझे सात वर्षांपूर्वीच सुटले होते." या वाक्यात रोष नव्हता, आणि म्हणूनच ते मला आजही टोचते.

तेव्हा लहान गाव तरुण कुटुंबाला मानवेल का, हा प्रश्न कुटुंबातील प्रत्येकाच्या नावाने वेगळा विचारला पाहिजे. भाचीला मी चार गोष्टी तपासून पाहण्यास सांगितले. त्याच येथे देतो.

पहिली गोष्ट, दोघांचे काम. भाचीच्या बाबतीत योग चांगला आहे. यजमानांना महाविद्यालय आहे, आणि बालरोगतज्ज्ञाला काम नाही असे गाव भारतात सापडणे कठीण. सिकलसेल, हिवताप, कुपोषण आणि नवजात बालकांचे आजार हे या पट्ट्यातील रोजचे विषय आहेत. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातूनच, शहडोलहून, सुरू झाले. परंतु काम आहे म्हणजे पद आहे, असे नव्हे. शासकीय केंद्रात पद मिळेल की स्वतःचा दवाखाना काढावा लागेल, याचा लेखी निकाल लागल्याखेरीज नागपूरची नोकरी सोडू नये.

दुसरी गोष्ट, रात्र. एकट्या डॉक्टरला दिवस जड जात नाही, रात्र जाते. गावात वा पंचक्रोशीत दुसरा डॉक्टर आहे का, आणि आठवड्यातून दोन रात्री तो बोलावणे घेईल का, हे आधी ठरवावे. शिवाय डॉक्टरचे मूलही आजारी पडते. मध्यरात्री आपल्याच बाळाला झटके आले किंवा मुलीचे आंत्रपुच्छ सुजले, तर शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागेल? याबाबतीत माझ्या काळापेक्षा स्थिती सुधारली आहे. गोंदियाला २०१६ पासून आणि सिवनीला २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही नकाशावरील अंतर आणि श्रावणातल्या रात्रीचे अंतर एक नसते. दुसरे अंतर स्वतः मोजून पाहावे.

तिसरी गोष्ट, शाळा. येथे आपण सर्वाधिक घाबरतो आणि माझ्या मते सर्वाधिक चुकतो. पाचवीपर्यंतच्या मुलाला घरातील पुस्तके, खेळायला मोकळी जागा आणि ज्यांना वेळ आहे असे आईवडील मिळाले, तर ते मागे पडत नाही. माझी मुलगी हिंदी शाळेत शिकली, मराठी आईकडून, आणि पोवारी शेजाऱ्यांकडून. आज ती तीन भाषांत विनोद करते. खरी अडचण सहावी-आठवीनंतर येते, जेव्हा विज्ञान आणि गणिताचे शिक्षक लागतात. नवोदय विद्यालयांत सहावीपासून प्रवेश असतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, हा एक मार्ग आहे. पण मुलाला वसतिगृहात ठेवण्याची आईवडिलांची तयारी हवी. भाचीची मुलगी चार वर्षांची आहे. म्हणजे शाळेच्या हिशेबाने तिच्यापुढे निदान सहा वर्षे निश्चिंत आहेत. मुलीच्या आईबापांसाठी आणखी एक गोष्ट नमूद करतो. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात दर हजार पुरुषांमागे ९३१ स्त्रिया होत्या. बालाघाट जिल्ह्यात १,०२१. ज्या जिल्ह्यात मुली जन्मू दिल्या जातात, तेथे आपली मुलगी वाढविणे हे काही कमी भाग्य नव्हे.

चौथी गोष्ट, मागे राहणारी माणसे. भाचीच्या आईचे गुडघे दुखतात, वडिलांना रक्तदाब आहे. आजी-आजोबांना नातवंडांपासून तोडून जाणे, हा खर्च कोणी हिशेबात धरीत नाही. त्यांना महिन्यातून आठ दिवस तेथे राहता येईल अशी खोली घरात असावी. निदान प्रवास त्यांना झेपेल याची खात्री करून घ्यावी.

भीतीबद्दलही बोलले पाहिजे. बालाघाटचे नाव काढताच नातेवाईक नक्षलवादाचा विषय काढतात, आणि ते निराधार नाही. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे तत्कालीन परिवहनमंत्री लिखीराम कावरे यांची याच जिल्ह्यात हत्या झाली होती, हे आमच्या पिढीतील कोणी विसरलेले नाही. गेल्या काही वर्षांत परिस्थिती पुष्कळ निवळली आहे. तरी जंगलातील गावांच्या भेटी, रात्रीचा प्रवास यांबाबत स्थानिक माणसांचा सल्ला शहरातल्या ऐकीव गोष्टींपेक्षा अधिक मानावा, एवढेच मी म्हणेन.

आता थोडे आपल्याविषयी. दुर्गम भागात आरोग्यसेवक टिकावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये शिफारशी प्रसिद्ध केल्या आणि २०२१ मध्ये त्या अद्ययावत केल्या. त्यांत केवळ सक्ती वा जादा वेतन नाही. राहणीमान, कुटुंबाच्या गरजा आणि व्यवसायबंधूंचा आधार यांनाही स्थान आहे. आपल्याकडे बंधपत्र लिहून घेतले जाते, पण संसाराचा विचार होत नाही. शासन तो करील तेव्हा करील. आपल्यासारख्या मंडळाला मात्र तीन गोष्टी आजच करता येतील. लहान गावी गेलेल्या प्रत्येक तरुण डॉक्टरसाठी एका ज्येष्ठ सदस्याने रात्री-अपरात्री फोनवर उपलब्ध राहावे. वर्षातून पंधरा दिवस आपल्यापैकी कोणीतरी तेथे जाऊन त्यांचा दवाखाना सांभाळावा, म्हणजे त्यांना रजा घेता येईल. आणि नववीत जाणाऱ्या त्यांच्या मुलांसाठी आपल्या घरांची दारे उघडी ठेवावीत. आमच्या लहानपणी खेड्यातले मूल नातेवाइकाच्या घरी राहून शिकत असे, आणि त्यात कोणाला उपकार वाटत नसे. ही रीत आपण मोडली आणि मग डॉक्टर खेड्यात जात नाहीत अशी तक्रार करू लागलो.

भाचीला मी अखेर सांगितले ते असे. जा, पण कायमचे म्हणून जाऊ नका. दोन वर्षांसाठी जा. नागपूरचे घर सोडा, पण तेथील ओळखी सोडू नका. प्रत्येक सहा महिन्यांनी दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांना विचारा, "तुझे कसे चालले आहे?" आणि जो कमी बोलतो त्याचे उत्तर अधिक काळजीपूर्वक ऐका. दोघांपैकी एकाचे जरी "नको" झाले, तरी परत या. त्यात पराभव मानू नका.

जाण्याआधी तेथे तीन दिवस राहून या, असेही सुचविले: एक बाजाराचा दिवस, एक रविवार आणि एक पावसाची रात्र. त्याप्रमाणे ती चौघे या जुलैत जाऊन आली. निर्णय अद्याप व्हायचा आहे. भाचीचा फोन आला तेव्हा तिने घराचे भाडे सांगितले, विजेचे सांगितले, आणि मग म्हणाली, "मामा, पहिल्याच दिवशी एक बाई तापलेले बाळ घेऊन दारात आली. मी डॉक्टर आहे हे तिला कसे कळले, कोण जाणे."

आणि तिच्या त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर? होय, मी पुन्हा गेलो असतो. मात्र या वेळी निघण्यापूर्वी पत्नीला विचारले असते, आणि तिने नाही म्हटले असते, तर थांबलो असतो.