जुन्या कॅमेऱ्यात कानाच्या मशीनचा सेल घाला

जुन्या बाजारात हाती लागलेला किंवा काकांच्या कपाटातून निघालेला मिनोल्टा एसआरटी-१०१, कॅनोनेट क्यूएल१७ नाहीतर ऑलिम्पस ओएम-१ घेऊन पुण्याच्या बुधवार पेठेत सेल मागितलात, तर बहुधा ६२५ नंबरचा अल्कलाइन मिळेल. तो चपखल बसतो, मीटरचा काटाही हलतो. तेवढ्यावर विसंबून रोल घालू नका.

हे कॅमेरे पाऱ्याच्या सेलवर बेतलेले आहेत. तो जवळजवळ संपेपर्यंत १.३५ व्होल्ट देत राही. अल्कलाइन १.५ ला सुरू होतो आणि वापराबरोबर उतरत जातो. व्होल्टेज जास्त म्हणून काटा वर जातो, उजेड आहे त्याहून जास्त वाटतो, आणि निगेटिव्ह पातळ येते. फिल्म स्पीडचा आकडा बदलून हे भरून काढता येईल असं सांगणारे भेटतात. ऐकू नका, अंधूक आणि भर उजेडातली चूक सारखी नसते, शिवाय सेल रोज वेगळा.

पाऱ्याचा सेल शोधण्यातही वेळ घालवू नका. पारा विषारी म्हणून जगभर ते बंद होत गेले. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता करारात २०१८ पासून भारतही आहे.

त्याऐवजी कानाच्या मशीनच्या दुकानात जा आणि ६७५ नंबरचा, निळ्या खुणेचा सेल मागा. तो १.४ व्होल्ट देतो आणि शेवटपर्यंत फारसा ढळत नाही. व्यास ११.६ मिलिमीटर, जुन्याचा सुमारे १६, म्हणून भोवती रबरी रिंग लागते. सेल हवेवर चालतो, तेव्हा भोकं झाकू नका. स्टिकर काढल्यावर पाचेक मिनिटं थांबून मग बसवा. एकदा स्टिकर निघाला की फोटो काढा वा न काढा, काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. ही कटकट नको असेल, तर व्होल्टेज उतरवणारा अडॅप्टर आणि त्यात सिल्व्हर ऑक्साइड सेल, एकदाच खर्च.

प्रत्येक कॅमेऱ्याला हा त्रास नाही. पेंटॅक्स स्पॉटमॅटिकच्या मीटरचं सर्किटच असं आहे की व्होल्टेजचा फरक त्याला बाधत नाही. याशिका इलेक्ट्रो ३५ मूळच्या ५.६ ऐवजी ६ व्होल्टवर बिनतक्रार चालतो. ऑलिम्पस ट्रिप ३५ ला तर सेलच लागत नाही.

काहीही घाला, पण रोलआधी तपासा. निरभ्र दुपारी शनिवारवाड्याच्या पटांगणात, १०० च्या फिल्मला, १/१२५ सेकंद आणि एफ १६ च्या आसपास काटा यायला हवा. (पुण्याच्या जुलैत त्यासाठी वाट पाहावी लागेल.)

आत जुना पाऱ्याचा सेल अडकला असेल, तर फोडू नका. झाकणाच्या बाटलीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि ओल्या-सुक्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.