नर्व्ह गॅस आणि द्राक्षबागेतली विषबाधा: इलाज एकच कसा?

साताऱ्याचं अपशिंगे हे ‘मिलिटरी’ नावानेच ओळखलं जाणारं गाव. शेजारच्या सांगलीतलं तासगाव द्राक्षांचं. तिथल्या सैनिकाला आणि इथल्या बागायतदाराला जोडणारं एक औषध आहे: अ‍ॅट्रोपिन.

सारिनसारखे नर्व्ह एजंट आणि ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं एकाच रासायनिक कुळातली. नसांचा संदेश पोचल्यावर तो थांबवणारं एन्झाइम दोन्ही बंद पाडतात. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडाला फेस येतो, श्वास कोंडतो. सैनिकासाठी अ‍ॅट्रोपिन आणि पॅम मांडीत टोचायच्या ऑटो-इंजेक्टरमध्ये असतात. फवारणीच्या विषबाधेमुळे ग्रामीण डॉक्टरांनाही ही औषधं ओळखीची आहेत.

मग घोळ कुठे होतो? रुग्णालयाच्या दारात. १९९५ च्या टोकियो हल्ल्यात सेंट ल्यूक्स रुग्णालयात एका दिवसात ६०० हून अधिक रुग्ण आले. सुरुवातीला त्यांना अंग न धुताच आत घेतलं गेलं आणि उपचार करणाऱ्यांनाही त्रास सुरू झाला.

लष्करी वैद्यकाचा धडा सोपा आहे: हातमोजे घाला, रुग्णाचे कपडे उतरवा, अंग धुवा, मग आत न्या. श्वास अडखळत असेल तर औषध लगेच द्या.

एनडीआरएफची तुकडी पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून येईपर्यंत पहिला तास स्थानिक रुग्णालयाचाच असतो. त्याचा सराव फवारणीच्या हंगामातही जीव वाचवू शकतो.