लकव्यानंतरची हिंमतही मोजली पाहिजे



लकवा झालेला कामगार दवाखान्यातून घरी येतो, तेव्हा कागदावर हातापायांची ताकद आणि रक्तदाब लिहिलेला असतो. स्टेशनचा पूल एकट्याने चढण्याची हिंमत होते का, हे सहसा कोणी विचारत नाही. पुढे घोडे अडते ते नेमके तिथेच.

कोलकात्याचेच आकडे पाहा. डॉ. श्यामल कुमार दास व सहकाऱ्यांनी २००३ ते २००५ या काळात तेथे ५२,३७७ लोकांची पाहणी केली. वयाचा हिशेब धरून वर्षाला लाखामागे सुमारे १४५ जणांना पहिला झटका येतो असे दिसले; स्त्रियांत प्रमाण अधिक. झटका आलेल्यांपैकी ४१ टक्के महिन्याभरात दगावले. आपला नागपूर विभाग २००३ पर्यंत गार्डन रीचच्या मुख्यालयाखाली होता, तेव्हा हे शहर आपल्याला परके नाही. जे वाचतात त्यांच्या भाकरीचा प्रश्न संघटनेचा आहे.

काम जमेल असा भरवसा असेल तरच माणूस त्याला हात घालतो आणि अडले तरी सोडत नाही, हे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडले. त्याच पायावर इंग्लंडमध्ये फिओना जोन्स व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये लकव्याच्या रुग्णांसाठी तेरा प्रश्न तयार केले. थकलेले असतानाही अंथरुणातून आपले आपण उठाल का? घराबाहेर एकटे चालाल का? व्यायाम रोज कराल का? प्रत्येकाला शून्य ते दहा गुण रुग्णानेच द्यायचे. पाय चालतो पण भरवसा दोनच गुणांचा, अशा माणसाला आणखी गोळ्या देऊन काय होणार? त्याला सोबत घेऊन खऱ्या जिन्यावरच नेले पाहिजे. उलट भरवसा दहाचा आणि तोल कच्चा असेल, तर तो पडणार हेही आधी कळते.

प्रश्न मात्र घरातले आहेत. पोस्टमनच्या बीटचा किंवा रुळांवरच्या कामाचा त्यांत उल्लेख नाही. ते जोडावेत, आणि मराठीत व बंगालीत साध्या बोलीत विचारावेत. ‘आत्मविश्वास किती?’ यापेक्षा ‘जमेल का?’ हे कोणालाही कळते.

आमची खरी धास्ती वेगळी आहे. हा कागद मेडिकल बोर्डाच्या हाती गेला, तर नोकरीच्या भीतीने प्रत्येक जण दहा गुण लिहील. खरे लिहिणाऱ्याला ‘अनफिट’ ठरवायलाही तोच कागद पुढे येईल. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, हे १९९५ च्या कायद्याचे ४७ वे कलम सांगत होते. २०१६ च्या कायद्यात ती हमी २० व्या कलमात आहे. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरी जागा, ती नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद. या हक्काला गुणांची अट नाही.

म्हणून आमची मागणी अशी की, रेल्वेच्या व टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांवर जेथे उपचार होतात, तेथे फिजिओथेरपीबरोबर हे मोजमाप सुरू करावे, दर महिन्याला पुन्हा करावे, आणि तो कागद रुग्ण व उपचार करणारे यांच्यातच राहावा. सर्व्हिस फाईलला तो लागता कामा नये.