चॅनेल लावलं म्हणून फाइल पळत नाही

परवा मालेगावला (नाशिकचं नव्हे, आमचं वाशिमचं!) गेलो, तर भाचा लॅपटॉप घेऊन तयारच. "मामा, 6 जीबीची फाइल वाचताना क्लोजरचा प्रोग्राम मरतो. कोअर.एसिंक लावलंय तरी!"

हे 'तरी'च मला खटकतं. एसिंक म्हणजे वेगवान, असं सांगितलं कुणी? फाइल एक, डिस्क एक. ओळी एकामागून एकच येणार. टोनी होअरने 1978 साली ज्या निबंधात या विचाराचा पाया घातला, तिथेही मुद्दा होता स्वतंत्र कामांच्या देवाणघेवाणीचा.

सोयाबीनच्या हंगामात मोंढ्यात काय होतं? काटा मोकळा झाल्याशिवाय पुढचा ट्रॅक्टर आत येत नाही. चॅनेलची खरी कमाई हीच, रांगेला आवर घालणं. भाच्याने वापरलं होतं 'पुट!', ते थांबतच नाही. चॅनेलवर 1024 ओळी ताटकळल्या की पुढच्या ओळीला क्लोजर सरळ एरर देतं! वाचणारा वेगळ्या 'थ्रेड'मध्ये हवा, मर्यादित बफर हवा आणि जागा होईपर्यंत थांबणारं पुट हवं. हे वाचन 'गो' ब्लॉकमध्ये कोंबू नये. मूळ रचनेत त्या सगळ्यांना मिळून धागे 8च. ते डिस्कची वाट बघत बसले, की बाकीची कामं उपाशी.

आणि नुसत्या ओळी मोजायच्या असतील तर चॅनेल हवंच कशाला? 'लाइन-सेक' आणि 'रिड्यूस' पुरे.

असो. पोराला काय बोलणार? "एसिंक लाव" हे फोनवर मीच सांगितलं होतं. का लावायचं, ते सांगायचं राहिलं.