पोथी सापडली, पण नाचायचं कसं?

एप्रिल २०२५मध्ये एक चांगली बातमी आली होती. युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ या जागतिक नोंदवहीत भगवद्गीता आणि भरतमुनींचं नाट्यशास्त्र यांच्या हस्तलिखितांची नोंद झाली. ही हस्तलिखितं आपल्या पुण्याच्या भांडारकर संस्थेत जपलेली. त्याआधी ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होताच. तेव्हापासून जुन्या ग्रंथांवरच्या व्याख्यानांना बरे दिवस आले आहेत. वक्ते पोथ्यांबद्दल भरभरून बोलतात. पुढच्या रांगेत हारतुऱ्यांची मंडळी आणि मागे आपण, मुलीला डान्स क्लासहून घेऊन थेट आलेल्या!

खरं तर या विषयाशी सगळ्यात जवळचं नातं त्या मागच्या रांगेचंच आहे. अंबरनाथ-बदलापुरात भरतनाट्यम किंवा कथकच्या क्लासला जाणाऱ्या मुली थोड्या नाहीत. ‘पताक, त्रिपताक’ करत त्या हस्तमुद्रा पाठ करतात, आणि परीक्षा जवळ आली की आईच त्यांची उजळणी घेते. ज्या जुन्या ग्रंथांवर व्याख्यानं होतात, त्यांचाच एक तुकडा आपल्या स्वयंपाकघरात रोज म्हटला जातो म्हणा ना.

नाट्यशास्त्र हा ग्रंथ हरवलाच, असं एकोणिसाव्या शतकात संस्कृतच्या अभ्यासकांना वाटत होतं. मग एकेक पोथी हाती लागत गेली. १८९४ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने तो छापला. १९२८ साली गोदावरी केतकर यांनी या शास्त्रावरचा मोठा ग्रंथ मराठीत आणला, आणि ही एक बाई होती हे व्याख्यानांत क्वचितच ऐकू येतं. पण ग्रंथ सापडला म्हणून नाच सापडला का? नाही. त्यात १०८ करणं सांगितली आहेत. हात असा, पाय असा, कंबर अशी. पण एका स्थितीतून दुसरीत जायचं कसं, हे त्या दोन ओळींच्या श्लोकांतून कसं कळणार? त्यासाठी अभ्यासकांना चिदंबरमच्या मंदिरातली शिल्पं पाहावी लागली आणि नाचणाऱ्यांकडेही यावं लागलं.

यातलं आपल्या अगदी जवळचं उदाहरण तंजावरचं. तिथे भोसल्यांचं राज्य होतं, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. तिथले दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. त्यांचं ग्रंथवेड प्रसिद्ध आहे, सरस्वती महाल ग्रंथालय आजही त्याची साक्ष देतं. पण त्यांच्या नावावर नृत्यासाठी केलेल्या मराठी रचनाही आहेत. त्यांना ‘निरूपण’ म्हणतात. एकेका निरूपणात अठरा रचना, सगळ्यांना एकच राग, एकच ताल आणि मिळून एकच कथा. आज भरतनाट्यमचा जो क्रम मुली शिकतात, तो बसवणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ त्याच दरबारातले. म्हणजे आपण ज्याला दक्षिणेचं नृत्य म्हणतो, त्याच्या घडणीच्या काळात दरबारात मराठी बोल घुमत होते.

हे बोल सरस्वती महालाने छापले. छापील पान हाती आलं, तरी नाच मात्र कोणाला ठाऊक नव्हता. ते पान पुन्हा नाचतं केलं आचार्य पार्वतीकुमार यांनी, मूळचे मालवणचे. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रचना रंगमंचावर आणल्या. सुचेताताई त्या चार भावांच्या घराण्यातल्या किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या. मला वाटतं, सगळी गोम इथेच आहे. ग्रंथालयातला कागद आणि गुरूच्या घरातली पिढ्यान् पिढ्यांची आठवण, दोन्ही होती म्हणून ते जमलं.

आणि एक बाजू व्याख्यानांत हलकेच गाळली जाते. हा नाच ज्यांच्या पायांत होता त्या होत्या देवदासी. समाजाने त्यांना नावं ठेवली. मद्रास प्रांतात १९४७मध्ये देवदासी प्रथा बंद करणारा कायदा झाला. प्रथेत शोषण होतं, ती जायलाच हवी होती, यात शंका नाही. पण प्रथा गेली तशा त्या बायकाही मंचावरून गेल्या, आणि नाच मात्र प्रतिष्ठित घरांत आला. आपल्या लेकी जो नाच शिकतात, तो कोणाकडून आला हे त्यांना सांगायला काय हरकत आहे?

लावणीचंही तेच. रामजोशी, होनाजी बाळा यांच्या लावण्या पुस्तकांत मिळतात. पण बसून अदा करायची बैठकीची लावणी कुठल्या पुस्तकात मिळणार? ती यमुनाबाई वाईकरांसारख्यांच्या गळ्यात आणि बोटांत होती. २०१८मध्ये वयाच्या १०३व्या वर्षी त्या गेल्या.

आता आपल्या तीन गावांकडे बघा. बदलापूरला श्याम जोशींनी उभारलेलं ‘ग्रंथसखा’ हे दुर्मीळ मराठी पुस्तकांचं वाचनालय आहे. अंबरनाथला १०६० सालचं शिवमंदिर आहे, त्याच्या भिंतींवर नाचत्या आकृती कोरलेल्या. नृत्य शिकणाऱ्या मुलीला तिथे न्या आणि विचारा, हिचा पाय कसा आहे, हात कुठला? परीक्षेच्या थिअरीपेक्षा जास्त लक्षात राहील. आणि उल्हासनगर? फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून १९४९मध्ये उभं राहिलेलं हे सिंधी बांधवांचं शहर. लग्नात बायका ‘लाडा’ गातात, ‘छेज’चा फेर धरला जातो. ‘भगत’मध्ये तर गाणं, नाच आणि गोष्ट एकत्र. पण जुनी सिंधी पुस्तकं बहुतेक अरबी वळणाच्या लिपीत आहेत, नातवंडांना ती वाचता येत नाहीत. पुस्तक घरात असूनही बंदच! शेजारच्या सिंधी आजींना मात्र लाडा तोंडपाठ असतो. तो देवनागरीत उतरवून घ्यायला सुनेची एक दुपार पुरेल.

दहावी आली की क्लास बंद, हे आपल्याकडे ठरलेलंच. अभ्यास महत्त्वाचा, मान्य. पण तोवर घातलेली आठ वर्षं कपाटातल्या घुंगरांबरोबर बांधून ठेवायची का? आठवड्यातून एक तास तरी चालू ठेवता येतो. तिने निदान एका धाकट्या मुलीला शिकवावं.

पुढच्या व्याख्यानाला गेलात तर शेवटच्या प्रश्नोत्तरांत हात वर करा. पोथी कोणी लिहिली हे वक्ते सांगतीलच. ती नाचलं कोण, हे आपण विचारायचं. आणि घरी आजीचा किंवा आत्याचा मंगळागौरीचा फेर मोबाइलवर घेताना कॅमेरा जरा मागे धरा. बहुतेक व्हिडिओंत चेहरे छान येतात, पाय कापलेले असतात.