उतरती रेषा, चढते भाव

पक्षाच्या एका अभ्यासशिबिरात मी फळ्यावर एक उतरती रेषा काढली. आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर देशातील किरकोळ महागाईचा वार्षिक दर : २०२२-२३ साली ६.७ टक्के, २०२३-२४ साली ५.४, २०२४-२५ साली ४.६. 'या तीन वर्षांत भावांचे काय झाले?' असे विचारताच बहुतेक साथी उत्तरले, 'उतरले.' भाव उतरले नव्हते. २०२१-२२ साली शंभर रुपयांत होणारा बाजार तीन वर्षांनी सुमारे एकशे साडेसतरा रुपयांना पडत होता. रेषा भावांची नव्हती, भाववाढीच्या वेगाची होती. ती शून्याच्या वर आहे तोवर भाव चढतच राहतात.

दोष त्या साथींचा नव्हे. गणिताच्या तासाला आपण त्यांना शिकवले काय? समीकरण घ्या, क्षच्या किमती धरून य काढा, बिंदू मांडा, पट्टीने जोडा, कोपऱ्यात प्रमाण लिहा. गुण पेन्सिलीच्या टोकाला! रेषा कोणत्या राशीची आहे, तिचा चढ कोठे मंदावला, हे विचारण्यास कोणास सवड नाही. एक राशी दुसरीवर कशी अवलंबून असते, ही 'फल' या संकल्पनेतील मूळ गोष्टच हाती न लागता मुले आलेखकागद तेवढा घेऊन घरी जातात.

आम्ही अर्थशास्त्राचे प्राध्यापकही निर्दोष नाही. मागणी किमतीवर अवलंबून असते असे सांगत आम्ही किंमत उभ्या अक्षावर मांडत आलो, म्हणजे गणिताच्या वर्गातील रिवाजाच्या नेमके उलट. का? तर आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० सालच्या ग्रंथापासून तशी वहिवाट पडली म्हणून. एकाही विद्यार्थ्याने कधी हरकत घेतली नाही, याचा मला त्या काळी अभिमान वाटे.

'भुकेला आलेख कशाला?' असे आपल्यातीलच काही जण विचारतात. महागाई भत्ता ज्याला जोडलेला, तो निर्देशांक खरी महागाई दाखवीत नाही म्हणून मुंबईचा कामगार १९६३ साली रस्त्यावर आला होता, आणि लकडावाला समितीने त्या निर्देशांकात दुरुस्ती सुचविली. तेव्हा वाद आकड्याचा होता. आकडा खरा ठेवूनही बुद्धिभेद करता येतो. वेतनकराराच्या बैठकीत मालकपक्षाने उभा अक्ष शून्याऐवजी ९९ पासून सुरू केला, की १०० वरून १०२ वर गेलेल्या वेतनाची रेषा तिप्पट उंच झालेली दिसते. कोणी खोटे बोललेले नसते, आणि अक्षाकडे न पाहणारा प्रतिनिधी खजील होऊन सही करतो.

दहावीच्या परीक्षेत आलेख काढण्याइतकेच गुण तो वाचण्यास हवेत, ही मागणी शिक्षक संघटनांनी लावून धरावी. आपल्या शाखांनी तेवढी वाट पाहू नये. येत्या बैठकीत वर्तमानपत्रातील एखादा आलेख फळ्यावर घ्यावा, आणि रेषेकडे वळण्यापूर्वी दोन्ही अक्षांवर काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचावे.